गाडी जाते तिथवरची माती

“सी शर्की, सगळं झालंय. तुझी सही तेवढी राहिलीय,” हज्जूबी साहेब म्हणाले आणि पुदिन्याच्या चहाचा पेला त्यांनी टेबलावरून पुढे सरकवला.

वाचकहो, हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल. कचेरी कुठलीही असो, सगळं झालेलं असतं आणि कुणाची तरी सही तेवढी राहिलेली असते. सही करणारा माणूस बहुधा चांगलाच असतो. लबाड माणूस सही करताना चार वेळा मागेपुढे पाहतो, कारण त्याला पकडलं जायची भीती असते. चांगला माणूस निर्धास्तपणे करून टाकतो. माझा राग आहे तो या चांगल्या माणसांवर, आणि शर्की त्यांच्यातलाच एक होता.

‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘राव’. शर्की मातीतज्ज्ञ. मराकेशमधल्या हज्जूबी साहेबांच्या लहानशा सल्लागार कचेरीत तो कैक वर्षं नोकरीला होता. कुठं धरण, कारखाना किंवा खाण व्हायची असली की त्या जागेचा अभ्यास करून सरकारला अहवाल द्यावा लागतो. त्यातला मातीचा भाग शर्कीकडे असे. जागोजागी खड्डे खणायचे, आतले थर पाहायचे, माती ओली करून बोटांत मळून पाहायची, थोडी प्रयोगशाळेत पाठवायची आणि शेवटी नकाशात रंग भरायचे. हिरवा म्हणजे शेतीला उत्तम, पिवळा म्हणजे चराईपुरती, करडा म्हणजे कशाच्याच कामाची नाही.

या खेपेचा अहवाल आमच्या रहामना मुलखातल्या एका तांब्याच्या खाणीचा होता. औलाद घन्नाम नावाच्या वस्तीजवळच्या टेकडीत तांबं सापडलं होतं. दगड फोडून, दळून, औषधं घालून तांबं काढलं की मागे विषारी चिखल उरतो. तो साठवायला मोठं तळं लागतं. कंपनीच्या डोळ्यांसमोर दोन जागा होत्या. एक म्हणजे वस्तीखालची सखल, गोलसर जमीन. कुसकुसचा रवा मळायच्या परातीसारखी ती दिसते, म्हणून गावात तिला परातच म्हणतात. दुसरी जागा टेकडीमागची ओसाड घळ. घळीत तळं करायचं तर खर्च जास्त, म्हणून कंपनीला हवी होती परात. पण चांगल्या शेतजमिनीवर असं तळं करायला सरकारची परवानगी मिळत नाही. म्हणजे सगळं येऊन ठेपलं शर्कीच्या रंगावर, आणि शर्कीनं परातीला करडा रंग दिला होता. ‘माती पातळ, खडकाळ. शेतीस अयोग्य.’

त्यानं खोटं लिहिलं होतं का? मुळीच नाही! त्यानं खड्डे खणवले होते आणि प्रत्येक खड्ड्यात जे दिसलं तेच लिहिलं होतं. वर वीतभर माती, खाली चुनखडीचा टणक पापुद्रा आणि त्याखाली दगड. पण हे सगळे खड्डे रस्त्याच्या कडेला होते. गाडी जाते तिथं खड्डा, हा त्या कचेरीचा जुना शिरस्ता. कुणी ठरवून घातलेला नव्हता. पेट्रोल वाचतं, वेळ वाचतो, नमुन्यांच्या पिशव्या पाठीवर वाहाव्या लागत नाहीत. परातीत गाडी उतरत नव्हती. शर्कीनं वरच्या रस्त्यावर उभं राहून तिच्याकडे पाहिलं. उन्हाळा संपत आलेला, मेंढ्यांनी गव्हाची धसकटंसुद्धा चरून टाकलेली, सगळीकडे धूळ. ‘वरच्यासारखीच,’ असं मनाशी म्हणून तो गाडीत बसला.

पूर्वीचा शर्की असं वागला नसता. पूर्वी तो दिवसदिवस रानात भटके आणि घरी येई तेव्हा त्याची बायको तूरिया दारातच त्याचे बूट एकमेकांवर आपटत म्हणे, “अर्धी रहामना आणलीस घरात! उरलेली उद्या आण.” मग तूरिया आजारी पडली आणि गेली. शर्की रडला नाही. लोक म्हणाले, मोठ्या धीराचा माणूस. पण तो धीर नव्हता. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसा तो स्वतःलाच आपला वाटत नव्हता. समोर ठेवलं ते खायचा. मीठ बरोबर आहे का विचारलं तर पुन्हा एक घास घ्यावा लागे. कामावर वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, चुका करायचा नाही. हज्जूबी साहेबांना तर वाटे की हा आता पूर्वीपेक्षा सोयीचा झाला आहे.

“उद्या करतो,” शर्की त्या दिवशी सहीबद्दल म्हणाला. नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. एका खड्ड्याचा फोटो पुसट आला होता, तो पुन्हा काढायला हवा होता, इतकंच. सकाळी फोटो, परत आल्यावर सही.

अल्लाल नावाचा ड्रायव्हर त्याच्याबरोबर होता. वस्तीजवळ पोचले तर समोरून मयत येत होती. आमच्याकडे मयत दिसली की अनोळखी माणूसही चार पावलं बरोबर चालतो, जमल्यास खांदा देतो. अल्लालनं काही न विचारता गाडी कडेला घेतली आणि दोघं उतरले. शर्कीनं खांदा दिला. ताटीचं वजन त्याला कळलं, पण आत काही हललं नाही.

कबरस्तान उतारावरच होतं. माणसं सकाळपासून पहारीनं कबर खणत होती. पहार दगडावर खणखण वाजे आणि मूठभर खडे निघत. शेवटी मृताला उजव्या कुशीवर ठेवलं, वर दगडी फरशा रचल्या. आता फरशांमधल्या फटी लिंपायच्या होत्या. गाढवावर लादून आणलेल्या रबरी टोपल्यात काळा गारा भिजवून ठेवला होता. एका म्हाताऱ्यानं त्यातला मोठा गोळा शर्कीच्या हातात दिला.

“घे. वाटसरू आहेस. तूही लिंप, तुलाही सवाब मिळू दे, पुण्य लागू दे.”

शर्कीनं गोळा घेतला. आणि त्याच्या बोटांनी, त्याला न विचारता, आयुष्यभराच्या सवयीनं काम सुरू केलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात माती दाबून ती पुढे सरकवत तिची पट्टी काढायची. रेताड मातीची पट्टी होतच नाही. मध्यम मातीची होते आणि लगेच तुटते. ही तुटेना! बोटावरून लोंबायला लागली तरी तुटेना. चकचकीत, लोण्यासारखी, काळीभोर चिकणमाती. आमच्याकडे तिला तिर्स म्हणतात आणि तिच्यासाठी भाऊ भावाशी बोलायचा थांबतो.

“ही माती कुठून आणली?” शर्कीनं विचारलं.

“कुठून म्हणजे? खालून, परातीतनं. इथली खडी कधी लिंपायला धरते का?”

“मग कबरच तिथं का नाही खणत? मऊ आहे. तुमची पहार तरी मोडायची नाही.”

आजूबाजूची माणसं हात थांबवून त्याच्याकडे पाहायला लागली. म्हातारा म्हणाला, “परातीत? का, मेल्यावर जिलालीला गहू पेरायचाय?”

मयतीतही दोन-तीन माणसं हसली. हसून लगेच मृतासाठी दया मागती झाली.

शर्कीनं मान वर केली. डाव्या हाताला कबरी. त्यांच्यापुढे खळं. त्यापुढे शाळा, मशीद, घरं, सगळी उताराच्या त्याच खडकाळ पट्ट्यावर दाटीवाटीनं बसलेली. आणि त्या पट्ट्यावरूनच जाणारा रस्ता. हे तर त्याला जन्मापासून ठाऊक होतं! तो काही परदेशातून आला नव्हता. त्याच्या स्वतःच्या आजोबांचं घरही खडकावरच होतं. आमच्या मुलखात चांगल्या मातीवर कुणी घर बांधत नाही, चूल मांडत नाही, मेलेल्यालाही तिथं जागा देत नाही, मग रस्ता कोण काढू देईल? जिथं काही उगवत नाही तिथून रस्ता जातो. आणि त्या रस्त्यानं जाईल तिथवर गाडी नेऊन शर्कीनं सगळ्या जमिनीची लायकी ठरवली होती!

त्यानं हातातला गारा फटीत भरला. दुसरा गोळा घेतला, तोही भरला. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. नुसतं कळलं, आणि कळून तो उभा राहिला.

मयतीनंतर त्यांना घरी जेवायला नेलं. नाही म्हणणं तिथं चालत नाही. शेजारच्या घरांतून कुसकुसच्या पराती आल्या होत्या. अंगणात चटयांवर पुरुष बसले होते आणि एक उंच, हाडकुळी म्हातारी सगळ्यांपुढे पाव ठेवत फिरत होती. ही यामना, मृत जिलालीची थोरली बहीण. गावात तिला सगळे लल्ला यामना म्हणत, काही आदरानं, काही धाकानं. कबिल्याच्या सामाईक जमिनीत पूर्वी बायकांना वाटा नसे. यामनानं बायका गोळा केल्या, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, अधिकाऱ्यांची डोकी खाल्ली आणि स्वतःचा वाटा मिळवला. तो वाटा परातीत होता. सबंध आयुष्यात तिच्या नावावर झालेली ती एकच गोष्ट.

“तू कुणाचा रे?” शर्कीपुढे पाव ठेवत तिनं विचारलं.

“वाटेनं चाललो होतो. तुमच्या डोक्यावर बरकत राहो, लल्ला.”

“खांदा दिलास म्हणे. अल्लाह तुझ्या आईबापांवर दया करो. खा, लाजू नको. काम काय करतोस?”

“माती बघतो.”

“आम्ही जन्मभर तेच करतोय. आम्हाला कुणी पगार दिला नाही.” पुरुष हसले. “कुणासाठी बघतोस?”

“खाणीच्या अहवालासाठी.”

हसणं थांबलं. अल्लालनं घास घेता घेता हात खाली घेतला. यामना मात्र तिथंच उकिडवी बसली.

“म्हणजे रस्त्याकडेला खड्डे खणून गेला तो तूच? माझी शेळी पडली त्यात.”

“बुजवायला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं! वा रे सुलतान! बरं, परातीबद्दल काय लिहिलंस?”

“शेतीस अयोग्य.”

यामनाचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

“खाली उतरला होतास?”

“नाही.”

“का?”

शर्कीकडे उत्तरं होती. ऊन, पेट्रोल, कचेरीचा शिरस्ता. पण कसं कोण जाणे, त्यानं खरं तेच सांगितलं. “इच्छा झाली नाही, लल्ला. माझी बायको गेली. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही.”

हे ऐकून लोक गप्प होतात, विषय बदलतात, हे त्याच्या अनुभवाचं होतं. यामना गप्प झाली नाही.

“नाव काय तिचं?”

“तूरिया.”

“अल्लाह तूरियावर दया करो.” ती क्षणभर थांबली. “आता माझं ऐक. आज मी भाऊ पुरला. बायकांचा वाटा म्हणताच सगळे पुरुष माझ्यावर ओरडले, तेव्हा बैठकीत हा एकटा उठला आणि म्हणाला, माझ्या बहिणीचा हिस्सा माझ्या ताटात आला तर मला घास गिळवणार नाही. असा भाऊ. आणि आत्ता मला विचार, काय वाटतंय? काही नाही! हात पाव वाटतायत, तोंड बोलतंय, मी कुठं आहे मलाच ठाऊक नाही. म्हणून काय मी शेजारणीच्या विहिरीवर झाकण टाकायचं विसरू? आणि तिचं पोर पडलं तर म्हणू, बाई गं, मला काही वाटत नव्हतं?”

“मी मुद्दाम केलं नाही.”

“मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं! तुझी गचांडी धरली असती, चार शिव्या दिल्या असत्या. अशा कैकांना मी पुरून उरलेय. पण तुझ्याशी कशी भांडू? तू तर तिथं नव्हतासच. जे पाहिलं नाहीस ते लिहिलंस आणि म्हणतोस खोटं लिहिलं नाही.” तिनं त्याच्यापुढचा पाव मोडून अर्धा त्याच्या हातात दिला. “तुझं दुःख खरं आहे, लेकरा. ते उशाशी घेऊन झोप, त्याच्याशी बोल, हवं तितकी वर्षं जप. पण त्याचा भार माझ्या जमिनीवर का टाकतोस? तुला काही वाटत नाही, म्हणून माझ्या गव्हावर विषाचा चिखल यायचा? हा कुठला न्याय?”

शर्कीनं पाव खाल्ला, पाणी प्यायला आणि उठला.

“कुठं निघालास?”

“खाली,” तो म्हणाला.

गाडीतून त्यानं हाताचं गिरमिट काढलं. मातीत पिळत पिळत घालायचा तो लांब लोखंडी दांडा तूरिया असताना त्याचा सोबती होता, अलीकडे तो नुसता गाडीत पडून असे. अल्लाल वरून ओरडला, “सी शर्की, ऊन बघ!” शर्की उतरत गेला. अर्ध्या उतारावर दगड संपले. पायाखाली भेगाळलेली काळी जमीन आली, हात जाईल इतक्या रुंद भेगा. त्यानं गिरमिट टेकवलं आणि फिरवायला लागला. वीतभर गेलं. हातभर गेलं. वरच्या खड्ड्यांत इथवर येईतो दगड लागायचा. अजून लागला नव्हता. तो फिरवत राहिला, घाम डोळ्यांत गेला, मूठ जमिनीला टेकली आणि दांडा संपला. खडक लागलाच नाही!

तो परातीच्या मध्यावर गेला, पलीकडच्या काठाला गेला. तिथंही तेच. ही रहामनातली कदाचित सगळ्यांत चांगली जमीन होती आणि त्यानं तिला करडा रंग दिला होता. आपण या वस्तीची भाकरी पुसून टाकणार होतो, हे त्याला स्वच्छ समजलं. समजलं, आणि तरी डोळे कोरडेच राहिले. पण वाचकहो, इथं मी त्याची बाजू घेईन. आपल्याला आतून गहिवरून येईल तेव्हाच आपण नीट वागू, अशी वाट पाहत बसलं तर जन्म निघून जातो. शर्की गहिवराची वाट पाहत बसला नाही.

“सही करणार नाही,” दुसऱ्या दिवशी तो हज्जूबी साहेबांना म्हणाला.

साहेबांना आधी थट्टाच वाटली. मग त्यांनी दार लावून सगळी हकिगत ऐकून घेतली. “अरे भल्या माणसा, कंपनी ताटकळलीय! एका टोपलीभर गाऱ्यासाठी?”

“मी खड्डेच चुकीच्या जागी घेतले. सगळेच. पुन्हा घ्यायला हवेत, खाली उतरून.”

“सगळे असेच घेतात! तू काय वेगळं केलंस? आपण कधी कुणाचं वाईट केलंय का?”

“माहीत नाही,” शर्की म्हणाला. “मागे वळून कधी पाहिलं?”

हज्जूबी चिडले. तुला विश्रांतीची गरज आहे म्हणाले, दुसऱ्या कुणाची सही घेईन म्हणाले, आणि ते घेऊ शकले असते. शर्कीनं आवाज चढवला नाही. त्याच्याकडे चढवायला आवाजच नव्हता. “घ्या. फक्त एकदा माझ्याबरोबर चला. खाली उतरा, आणि मग ज्याची हवी त्याची सही घ्या.”

हज्जूबी तूरियाच्या मयतीला आले होते. त्या दिवसापासून शर्कीनं त्यांच्याकडे काहीच मागितलं नव्हतं, रजासुद्धा नाही. ते आले.

पॉलिश केलेले बूट, इस्त्रीचा सदरा, आणि तर्जनीवर गाडीची किल्ली गरगर फिरवायची त्यांची ती खोड. परातीत उतरता उतरता ते सारखे म्हणत होते, “हे बघ, दगड. हा बघ, आणखी एक दगड.” मग दगड दिसायचे थांबले आणि त्यांचंही बोलणं थांबलं. यामना मेंढ्या घेऊन तिथंच होती. पाहुण्याकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सलाम केला.

“तर ही तुमची शेती, लल्ला?” साहेब म्हणाले आणि त्याच क्षणी त्यांचं पाऊल अडखळलं. बोटावरची किल्ली उडाली, एकदा उन्हात चमकली आणि भेगेत गेली. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

“गेली!” यामना म्हणाली. “आता नांगरणीला भेटेल.”

“म्हणजे काय? एवढी काय खोल असणार आहे!” हज्जूबी गुडघ्यावर बसले. मनगट आत गेलं. मग कोपर. मग मराकेशमधला तो प्रतिष्ठित माणूस काळ्या ढेकळांवर पालथा झाला आणि खांद्यापर्यंत हात भेगेत घालून चाचपायला लागला. मेंढ्या त्याच्याभोवती गोळा झाल्या.

“खडक आहे ना, साहेब!” यामना म्हणाली. “त्याला म्हणावं, किल्ली परत दे. तुमच्या अहवालात तो वीतभर खाली बसलाय.”

बराच वेळ साहेब तसेच पडून राहिले. आता ते चाचपत नव्हते. गाल मातीला टेकलेला आणि चेहऱ्यावर एक विचित्र, लहान मुलासारखं नवल.

“शर्की,” ते हळूच म्हणाले, “आत गार आहे.”

“हो.”

“वर एवढी आग, आणि आत ओल आहे रे! अजून ओल आहे!”

उन्हाळ्याच्या शेवटाला, विहिरीसुद्धा तळ गाठतात तेव्हा, त्या जमिनीनं पोटात पाणी धरून ठेवलं होतं. कुंपणाची तार वाकवून, आकडा करून, गाडीपासून खाली आलेल्या अल्लालनं आणि यामनानं किल्ली कशीबशी वर काढली. हज्जूबींनी ती खिशात टाकली, फिरवली नाही. रस्त्याकडे चढताना ते एकदाच बोलले. “पुन्हा घे सगळे खड्डे. गाडी वरच ठेव.”

कंपनीनं कुरकूर केली, उशीर झाला म्हणून बोल लावला. पण जाहीर सुनावणीत शर्कीनं नवा नकाशा भिंतीवर लावला, आणि परात त्यात हिरवीगार होती. तळं टेकडीमागच्या घळीत करायचं ठरलं. खाण थांबली नाही. थांबवायची कुणालाच नव्हती, कारण वस्तीतल्या पोरांना काम हवं होतं. फक्त चुकीच्या जागी पडणारं ओझं योग्य जागी गेलं.

पेरणीच्या दिवसांत शर्की सहज औलाद घन्नामला गेला. पावसानं परातीतल्या भेगा बुजल्या होत्या. यामना खेचरामागे चालत होती. तिनं त्याला पाहिलं, आभार वगैरे काही मानले नाहीत. कमरेची गव्हाची झोळी काढून त्याच्या गळ्यात अडकवली.

“टाक.”

“मला येत नाही, लल्ला.”

“येतं का असं कुणी विचारलं? टाक!”

त्यानं मूठ भरून दाणे फेकले. यामना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “कोंबड्यांना घालतोयस का? हात मोकळा सोड. चल, पुढे चल.”

तो चालत राहिला. काळी माती बुटांना चिकटून पाय मणामणाचे झाले. दुपार कलली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपले पाय दुखताहेत. खांदाही भरून आलाय. आणि भूक लागलीय, खरोखरची भूक. तो बांधावर बसला. यामनानं पाव आणि ऑलिव्ह त्याच्यापुढे ठेवले. त्यानं घास घेतला आणि म्हणाला, “मीठ जास्त झालंय.”

“असू दे,” यामना म्हणाली. “खा.”

त्यानं खाल्लं. मध्येच त्याला तूरियाची आठवण आली, आणि या खेपेला ती दुखली. डोळे भरून आले तरी त्यानं तोंड फिरवलं नाही. यामनानं पाहिलं, आणि तीही आपल्या भावासाठी, तिथंच, पहिल्यांदा रडली.

वाचकहो, आपण सगळेच कुठे ना कुठे सह्या करतो, शेरे मारतो, कुणाची तरी लायकी ठरवतो. आपलं मन सुन्न असेल, घरात दुःख असेल, कंटाळा असेल, ते समजण्यासारखं आहे. पण आपल्या सुन्नपणाची झळ आपल्याला बसत नाही. ती बसते आपण न पाहिलेल्या माणसाला. म्हणून काही वाटत नसलं, तरी गाडीतून उतरा. जिथं रस्ता संपतो, तिथून पुढे दुसऱ्या कुणाची तरी भाकरी सुरू होते.